नजर कुठे असावी : साइटवर की लक्ष्यावर?

पिस्तुलाच्या पकडीविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच वादाकडे आहे. लक्ष्य जवळ असताना साइट, म्हणजे पिस्तुलावरची मागची खाच आणि पुढची खुंटी, जुळवून नेम धरावा, की बोट दाखवावे तसे पिस्तूल दाखवून गोळी झाडावी, म्हणजे पॉइंट शूटिंग करावे? निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून पिस्तूल नेमबाजी शिकत आहे. माझे पहिले प्रशिक्षक सांगत असत की नजर पुढच्या साइटवरून हलता कामा नये. नवे प्रशिक्षक म्हणतात की जवळच्या लक्ष्यावर साइट शोधत बसणे म्हणजे वेळ घालवणे आहे. दोन्ही डोळे लक्ष्यावर ठेवा, पिस्तूल पुढे करा आणि चाप ओढा. दोघांचीही नेमबाजी मी पाहिली आहे आणि दोघेही उत्तम आहेत. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही ऐकावे, मात्र ज्या क्रमाने ते आपल्याला भेटले त्याच क्रमाने. आपला योग चांगला आहे. उलट क्रमाने शिकलेल्यांना नंतर पुष्कळ काही विसरावे लागते.

या दोन पद्धती कोणत्या गरजेतून आल्या हे आधी पाहू. विल्यम फेअरबेर्न हे 1907 मध्ये शांघाय म्युनिसिपल पोलीस दलात दाखल झाले. त्या शहरातील अरुंद गल्ल्या, अंधारे जिने आणि सशस्त्र टोळ्या यांच्याशी पोलिसांची गाठ रोजची होती, आणि मैदानावर उभे राहून, एक हात लांब करून, सावकाश नेम धरण्याचे शिक्षण तेथे कामी येत नव्हते. फेअरबेर्न आणि त्यांचे सहकारी एरिक साइक्स यांनी साडेबारा वर्षांतील 666 सशस्त्र चकमकींच्या अनुभवावरून आपली पद्धत मांडली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की अंतर काही पावलांचे असते, उजेड अपुरा असतो, माणूस आपोआप थोडा वाकतो आणि पिस्तूल आवळून धरतो. म्हणून जे शरीर नाहीतरी करणारच आहे त्याच्या विरोधात न जाता त्याच्यावरच शिक्षण उभारावे. छाती लक्ष्याकडे, पिस्तूल शरीराच्या मध्यरेषेवर आणि दोन्ही डोळे लक्ष्यावर, ही त्या पद्धतीची बैठक होती. दुसऱ्या महायुद्धात ही विद्या ब्रिटिश कमांडोंना शिकवली गेली आणि अमेरिकी सैन्यातील रेक्स ॲपलगेट यांनी ती पुढे नेली. त्यांचा भर सरळ हात खालून डोळ्यांच्या रेषेपर्यंत उचलण्यावर होता. एक गोष्ट मात्र पॉइंट शूटिंगचे आजचे समर्थक फारशी सांगत नाहीत. फेअरबेर्न आणि साइक्स यांनी लांबच्या नेमासाठी दोन हातांची पकड आणि साइटचा उपयोग हेच शिकवले होते. साइट टाकून द्या, असे त्यांनी सरसकट कधीच सांगितले नाही.

दुसरी बाजू उभी राहिली ती कॅलिफोर्नियात, 1950 च्या दशकाच्या अखेरीस. बिग बेअर येथे पिस्तूल-प्रशिक्षक जेफ कूपर यांनी पिस्तूल म्यानातून काढून झाडण्याच्या स्पर्धा भरवल्या होत्या. बहुतेक स्पर्धक कमरेजवळूनच गोळी झाडत, आणि ती फार लवकर सुटे, पण बऱ्याचदा चुके. लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ दलातील जॅक वीव्हर यांनी पिस्तूल दोन्ही हातांत धरले, डोळ्यांसमोर आणले, साइट पाहिली आणि मग चाप ओढला. क्षणभर उशीर होऊनही ते जिंकू लागले, कारण त्यांची पहिलीच गोळी लागत असे आणि इतरांना दुसरी-तिसरी झाडावी लागे. कूपर यांनी हीच पद्धत पुढे आयुष्यभर शिकवली आणि तिच्यात एक महत्त्वाची सवलत ठेवली : जवळच्या लक्ष्यासाठी साइट काटेकोर जुळवत बसू नये, ती लक्ष्यावर आल्याचे क्षणभर दिसले की पुरे. मिसूरीतील कोलंबिया येथे 1976 मध्ये आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंग संघटना स्थापन झाली आणि कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. तेव्हापासून वेग आणि अचूकता एकाच गुणपत्रिकेवर मोजण्याची सोय झाली.

आता या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. शांघायच्या अंधाऱ्या जिन्यावर साइट दिसतच नव्हती आणि बिग बेअरच्या उन्हात ती स्पष्ट दिसत होती. एका ठिकाणी दोन पावलांवरचा माणूस होता, दुसऱ्या ठिकाणी काही मीटरवरचे लक्ष्य. प्रश्न वेगळे असल्यामुळे उत्तरेही वेगळी आली, आणि आपण दोन्ही उत्तरांना एकाच प्रश्नाची उत्तरे समजून भांडत बसलो आहोत.

माझे मत असे आहे की बोट दाखवणे ही शरीराची सवय आहे आणि साइट ही त्या सवयीची तपासणी आहे. उत्तम नेमबाजाचे पिस्तूल डोळ्यांसमोर येते तेव्हा साइट जवळजवळ जुळलेलीच असते. त्याला ती जुळवावी लागत नाही, फक्त पाहावी लागते. मग जवळच्या लक्ष्यासाठी तो ती ओझरती पाहतो, लांबच्यासाठी नीट पाहतो, आणि अगदी हाताच्या अंतरावर पाहतही नाही. आपल्या नव्या प्रशिक्षकांचे हात वर्षानुवर्षे साइटने तपासले गेले आहेत, म्हणून ते आता तपासणीशिवाय चालतात. जो हात कधी तपासलाच गेला नाही त्याला ही मोकळीक देता येत नाही.

नवशिक्याने आधी साइट शिकावी याचे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत मोठे आहे. साइट न पाहता झाडलेली गोळी चुकली की ती का चुकली हे कळत नाही. मनगट वाकडे होते, खांदे फिरले होते, की चाप ओढताना हिसका बसला? लक्ष्यावर केवळ एक छिद्र दिसते. साइटवर नजर असेल तर गोळी सुटण्याच्या अगदी आधीचा क्षण दिसतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या गोळ्या सतत खाली डावीकडे जात होत्या आणि ती पिस्तुलाला दोष देत होती. तिच्या मॅगझिनमध्ये मी तिच्या नकळत काही डमी काडतुसे मिसळली. चौथ्या वेळी चाप ओढला, स्फोट झाला नाही, आणि पुढची साइट स्पष्टपणे खाली डावीकडे बुडालेली तिने स्वतः पाहिली. तिने पिस्तूल खाली घेतले, काही वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मीच ढकलत होते." तिची नजर लक्ष्यावर असती तर तो क्षण तिला दिसला नसता.

प्रश्न : किती मीटरपर्यंत साइट न पाहता झाडले तर चालते? कृपया एक निश्चित आकडा द्यावा.

उत्तर : एक आकडा देता येणार नाही, कारण अंतराइतकाच लक्ष्याचा आकारही महत्त्वाचा असतो, पण हिशेब मात्र देतो, त्यावरून आपला आकडा आपण काढू शकाल.

मागच्या आणि पुढच्या साइटमधील अंतर 160 मिलिमीटर आहे असे धरू; पूर्ण आकाराच्या पिस्तुलात ते साधारण एवढे असते. पुढची खुंटी मागच्या खाचेत मध्यावर असण्याऐवजी एक मिलिमीटर बाजूला गेली, तर 3 मीटरवर गोळी सुमारे 19 मिलिमीटर बाजूला जाईल, 7 मीटरवर 44 मिलिमीटर, आणि 25 मीटरवर 156 मिलिमीटर. ऑलिम्पिकच्या 25 मीटर प्रिसिजन लक्ष्यावर दहाचे वर्तुळ 50 मिलिमीटर व्यासाचे असते. तेथे ही एक मिलिमीटरची चूक दहाऐवजी चार गुण देते. हातभर अंतरावर वीत-वितभर रुंद लक्ष्य असेल तर तीच चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही.

साइट न पाहता हाताची चूक एक मिलिमीटरपेक्षा बरीच मोठी असते. समजा ती दोन अंशांची आहे. मग 3 मीटरवर गोळी सुमारे 105 मिलिमीटर बाजूला जाते, 7 मीटरवर 244 मिलिमीटर, आणि 25 मीटरवर जवळजवळ 87 सेंटिमीटर, म्हणजे लक्ष्याच्या कागदाबाहेर. अंतर वाढते तशी चूक त्याच प्रमाणात वाढते, आणि म्हणूनच जवळ बिनधास्त वाटणारी पद्धत थोडे मागे सरकताच उघडी पडते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती नवशिक्यांना फार धीर देते. दोन्ही साइट एकमेकींशी जुळलेल्या असून संपूर्ण पिस्तूल समांतर पाच मिलिमीटर हलले, तर गोळीही पाचच मिलिमीटर हलते, मग अंतर कितीही असो. हाताचे समांतर हलणे क्षम्य आहे. मनगटातून कोन बदलणे क्षम्य नाही. त्यामुळे हात थोडा डोलत असताना घाबरून चाप खेचू नये. साइट जुळलेल्या ठेवाव्यात, डोलणे चालू द्यावे आणि चाप संथपणे ओढावा.

आपला स्वतःचा आकडा काढण्याचा मार्ग रेंजवर आहे. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली दोन्ही साइट काळ्या टेपने झाका आणि 3 मीटरवर पाच गोळ्या झाडा, मग 5, 7, 10 असे मागे जा. हा प्रयोग मी दरवर्षी स्वतःवर करतो. 3 मीटरवर माझ्या पाचही गोळ्या मुठीखाली झाकल्या जातात, 7 मीटरवर त्या तळहाताएवढ्या पसरतात, आणि 15 मीटरवर एखादी कागदावरही सापडत नाही. टेप काढल्यावर त्याच 15 मीटरवर पाचही गोळ्या पुन्हा तळहातात येतात. ज्या अंतरावर आपल्या गोळ्या आपल्या लक्ष्याच्या कडेला पोहोचतात, तेथे आपली मर्यादा संपली असे समजावे. ती दर वर्षी थोडी बदलते, म्हणून प्रयोगही दर वर्षी करावा.

प्रश्न : बोट दाखवणे इतके स्वाभाविक असेल तर तर्जनी नळीलगत सरळ ठेवून मधल्या बोटाने चाप ओढावा का?

उत्तर : नाही. ही कल्पना जुनी आहे आणि ती पुन्हा पुन्हा डोके वर काढते. तर्जनी वर गेली की मूठ दुबळी होते, ऑटोमॅटिक पिस्तुलाची मागे सरकणारी स्लाइड बोटाला इजा करू शकते, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये फिरता गोल व नळी यांच्या फटीतून निघणारा तप्त वायू बोट भाजतो. बोट दाखवण्याची सवय मनगट आणि खांद्यातून येते. त्यासाठी बोट प्रत्यक्ष लांब करण्याची गरज नाही.

प्रश्न : पॅरिस ऑलिम्पिकमधील तुर्कस्तानच्या नेमबाजाचे छायाचित्र जगभर गाजले : एक हात खिशात, दोन्ही डोळे उघडे, ना विशेष चष्मा ना झापड. हे पॉइंट शूटिंग होते का?

उत्तर : मुळीच नाही, आणि हा गैरसमज दूर व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण त्या छायाचित्रानंतर अनेक तरुण मुले "मला साइटची गरज नाही" असे म्हणत रेंजवर येऊ लागली. युसूफ डिकेच यांनी 2024 मध्ये शेव्वाल इलायदा तारहान यांच्यासह 10 मीटर एअर पिस्तूल मिश्र सांघिक प्रकारात रौप्यपदक मिळवले. त्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ केवळ 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते. इतके बारीक वर्तुळ साइट काटेकोर जुळवल्याशिवाय पुन्हा पुन्हा भेदणे कोणालाही शक्य नाही.

दोन्ही डोळे उघडे ठेवणे आणि साइट न पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक नेमबाज दोन्ही डोळे उघडे ठेवून साइटच पाहतात. एक डोळा मिटल्याने चेहऱ्याच्या स्नायूंवर जो ताण येतो तो त्यामुळे टळतो. दुसऱ्या डोळ्याची प्रतिमा ज्यांना अडथळा वाटते ते त्या डोळ्यासमोर छोटी झापड लावतात, आणि नियमांत तिला परवानगी आहे. मोकळा हात खिशात ठेवणे हीसुद्धा या खेळातील नेहमीची गोष्ट आहे. तो हात लोंबकळत राहिला तर शरीर डोलते. छायाचित्रात जो सहजपणा दिसला तो साइट टाकून दिल्याचा नव्हता, दीर्घ सरावाने अंगात मुरलेल्या स्थिरतेचा होता.

बोट दाखवण्याची सवय आणि साइटची तपासणी यांचा खरा संगम पाहायचा असेल तर 25 मीटर रॅपिड फायर हा प्रकार पाहावा. नेमबाजाचा हात खाली तिरपा असतो, उभ्या रेषेपासून 45 अंशांपेक्षा वर नाही. संकेत मिळताच तो हात उचलतो आणि शेजारी शेजारी असलेल्या पाच लक्ष्यांवर प्रत्येकी एक गोळी झाडतो. मालिकेनुसार वेळ आठ, सहा किंवा चार सेकंदांची असते. चार सेकंदांच्या मालिकेत साइट शोधायला वेळच नसतो. हात वर येतानाच ती जुळलेली यावी लागते, आणि तरीही प्रत्येक गोळीच्या वेळी नजर साइटवरच असते.

प्रश्न : माझे वय 52 आहे. पुढची साइट आता धूसर दिसते, लक्ष्य मात्र स्वच्छ दिसते. मी पॉइंट शूटिंगकडे वळावे का?

उत्तर : आपली अडचण खरी आहे. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो आणि नेम धरताना तर तीन गोष्टी समोर असतात : मागची साइट, पुढची साइट आणि लक्ष्य. तरुणपणी डोळ्याचे भिंग झटकन जवळचे पाहू शकते. चाळिशीनंतर ते ताठर होत जाते आणि हाताच्या अंतरावरची पुढची साइट पुसट होऊ लागते. आणीबाणीच्या क्षणी हे तरुणांनाही होते, कारण भीतीच्या वेळी बाहुली विस्फारते आणि डोळा दूरचे पाहण्याकडे झुकतो. फेअरबेर्न यांच्या अनुयायांचा हा मुद्दा मला नेहमीच वजनदार वाटत आला आहे.

तरीही साइट सोडण्याआधी दोन उपाय करून पाहावेत. पहिला चष्म्याचा. पिस्तूल पूर्ण पुढे धरून डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचे अंतर कोणाकडून तरी मोजून घ्या आणि तो आकडा नेत्रतज्ज्ञांना सांगा; वाचनाचा चष्मा त्यापेक्षा जवळच्या अंतरासाठी केलेला असतो, म्हणून तो येथे उपयोगी पडत नाही. दुसरा उपाय रेड डॉट साइटचा. तिच्यात जुळवायला दोन साइट नसतात. लाल ठिपका लक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो, आणि नजर लक्ष्यावर ठेवूनच नेम धरता येतो. ऑलिम्पिकच्या पिस्तूल प्रकारांत ती चालत नाही, पण प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये तिच्यासाठी स्वतंत्र विभाग आहेत.

या साइटने आपला जुना वाद जवळजवळ मिटवला आहे, असे मी म्हणेन. लक्ष्याकडे पाहा, हे पॉइंट शूटिंगवाल्यांचे म्हणणे तिने मान्य केले आणि तपासून झाडा, हे दुसऱ्या बाजूचेही. शिवाय तिने एक नवा परीक्षक दिला. ज्याचा हात पिस्तूल नीट दाखवत नाही त्याला काचेत ठिपका सापडतच नाही. तो पिस्तूल वर-खाली हलवत ठिपका शोधत राहतो. म्हणजे बोट दाखवण्याची सवय लावण्याला पर्याय उरलेला नाही, तिची उणीव आता लपून राहत नाही एवढेच.

प्रश्न : गोळ्या न झाडता घरी ही सवय कशी लावावी?

उत्तर : आपल्याकडे पिस्तूल कायदेशीर परवान्याने आणि प्रशिक्षकांच्या संमतीने असेल तरच पुढचे वाचावे. सराव करण्यापूर्वी मॅगझिन काढा, चेंबर उघडा, ते डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपून पुन्हा खात्री करा. काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात असावीत. नळी अशाच भिंतीकडे असावी जिच्यातून गोळी पलीकडे जाऊ शकत नाही, आणि घरात कोणी त्या दिशेला नसावे. काही पिस्तुलांचा, विशेषतः .22 रिमफायर पिस्तुलांचा, चाप रिकामा ओढल्याने बिघाड होऊ शकतो. त्यांत डमी काडतूस वापरावे. यांतील एक जरी अट पाळता आली नाही तर त्या दिवशी सराव करू नये.

सराव साधा आहे. भिंतीवर रुपयाएवढा काळा कागद डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा आणि तीन मीटरवर उभे राहा. कागदाकडे पाहा. डोळे मिटा. पिस्तूल छातीजवळून सरळ पुढे न्या, दोन्ही कोपर स्थिर करा आणि मग डोळे उघडा. साइट कुठे आहे? ती सातत्याने डावीकडे दिसत असेल तर मनगट वळवून दुरुस्ती करू नका. पाय किंचित हलवून संपूर्ण शरीर वळवा आणि पुन्हा डोळे मिटा. ती सातत्याने खाली दिसत असेल तर पिस्तुलाच्या दांड्यावर मूठ नीट बसली आहे का ते तपासा. साइट आपोआप कागदावर येऊ लागली की डोळे उघडल्यावर संथपणे चाप ओढा आणि खटका पडताना पुढची साइट हलते का ते पाहा.

एका बैठकीत वीस-पंचवीस वेळा पुरे. मनगट थकले की चुकीचीच सवय लागते. दर वेळी डोळे उघडल्यावर साइट कुठे दिसली ते वहीत एका टिंबाने नोंदवा, दिनांक घाला, आणि महिन्याने ती वही रेंजवर प्रशिक्षकांसमोर ठेवा. टिंबे कोणत्या बाजूला झुकली आहेत हे पाहूनच ते पाय, मूठ किंवा खांदा यांपैकी काय बदलायचे ते सांगू शकतील.